सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलाची घरची थेरपी : सोलापुरातील नव्या पालकांसाठी

आमची लेक आठव्या महिन्यात जन्मली. वजन १ किलो ४०० ग्रॅम होते आणि पहिले २६ दिवस ती काचेच्या पेटीत होती. नवव्या महिन्यापर्यंत ती बसत नव्हती, उचलले की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत, आणि अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी ‘स्पास्टिक डायप्लेजिया’, म्हणजे दोन्ही पायांत जास्त ताठपणा असलेली सेरेब्रल पाल्सी, असे निदान लिहून दिले. आज ती चार वर्षांची आहे, पाटावर एकटी बसते, स्वतःच्या हाताने जेवते आणि वॉकर धरून घरभर फिरते. या तीन वर्षांत आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि कोणते कागद वेळेवर लागले, हे मी इथे क्रमाने लिहिते आहे. कोणता व्यायाम करायचा हे प्रत्येक मुलाचे थेरपिस्टच तपासून ठरवतील. तो व्यायाम घरात रोज कसा निभावायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. निदान नीट समजून घ्या

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात इजा झाल्यामुळे हालचाल करण्यात आणि शरीर सांभाळण्यात येणारी अडचण. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच बाळ न रडणे, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही तिची नेहमीची कारणे आहेत. ही इजा पुढे वाढत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हाला केवढा धीर आला. मात्र त्यांचे दुसरे वाक्य आम्ही त्या दिवशी नीट ऐकलेच नाही : इजा वाढत नसली तरी मूल वाढते, हाडे लांबतात, ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, आणि म्हणून लक्ष दिले नाही तर सांधे आखडत जातात. घरची थेरपी वर्षानुवर्षे का करावी लागते, याचे उत्तर या वाक्यात आहे.

पहिल्या एकदोन भेटींतच डॉक्टरांना पुढील गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या : प्रकार कोणता, शरीराचा कोणता भाग बाधित आहे, डोळे आणि कान तपासले आहेत का, झटक्यांची (फिट येण्याची) शंका आहे का, आणि खुब्याचा एक्स-रे केव्हा काढायचा. पाचवा प्रश्न आमच्याकडून राहून गेला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एकतृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे एक्स-रेशिवाय तो कळत नाही.

‘जीएमएफसीएस’ हा शब्दही तुमच्या कानावर येईल. मुलाच्या हालचालीची क्षमता १ ते ५ अशा पातळ्यांत सांगणारी ही पद्धत कॅनडात तयार झाली आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या पातळीचे मूल आधाराशिवाय चालते, तिसऱ्या पातळीचे हाताने धरायचे साधन घेऊन चालते, आणि पाचव्या पातळीच्या मुलाला मान व धड सांभाळण्यासाठीही आधार लागतो. पातळी कळली की अपेक्षा जमिनीवर राहतात आणि उद्दिष्टे ठरवणे सोपे जाते, म्हणून ती विचारायला घाबरू नका. मूल दोन वर्षांपेक्षा लहान असेल तर ती पुढे बदलू शकते, एवढे लक्षात असू द्या. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर त्याची प्रगती मोजताना वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा.

२. एक फाईल तयार करा

जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला, एमआरआयची फिल्म व अहवाल, डोळ्यांचा व कानांचा तपासणी अहवाल, ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची तपासणी) झाला असल्यास तो, लसीकरणाचे कार्ड आणि आतापर्यंतच्या सर्व चिठ्ठ्या एका फाईलमध्ये तारखेनुसार लावा. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मूळ प्रत कोणत्याही दवाखान्यात ठेवून येऊ नका. आमची एमआरआयची फिल्म अशीच एका ठिकाणी राहिली आणि ती परत मिळवण्यासाठी पाच चकरा झाल्या.

सरकारी सेवेची सुरुवात सिव्हिलपासून करा. सिव्हिल म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आपले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि विकासात मागे असलेल्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बालरोग विभागात किंवा आपल्या अंगणवाडी सेविकेकडे या केंद्राच्या नावानेच चौकशी करा. नुसते ‘फिजिओ कुठे मिळेल’ असे विचारले, तर मोठ्या माणसांच्या गुडघेदुखीच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येते.

३. एका वेळी दोनच उद्दिष्टे ठरवा

‘आमचे मूल चालले पाहिजे’ ही इच्छा आहे, उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट असे असावे की महिन्या-दोन महिन्यांनी ते जमले की नाही, हे घरातील कोणीही सांगू शकेल. आमचे पहिले उद्दिष्ट होते, ‘मांडीत न घेता, दोन्ही हात जमिनीवर टेकवून दहा अंक मोजेपर्यंत बसणे’, आणि दुसरे, ‘उजव्या हाताने वाटीतील चुरमुरा उचलून तोंडात घालणे’. दुसरे उद्दिष्ट सासूबाईंनी सुचवले होते आणि तेच आधी साधले, कारण त्यात लेकीला गोडी होती.

थेरपिस्टला उद्दिष्ट ठरवताना घरची खरी परिस्थिती सांगा. आम्ही सोलापूर शहराच्या पूर्वभागात दोन खोल्यांत पाच माणसे राहतो आणि माझे यजमान टॉवेलच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, हे ऐकल्यावर थेरपिस्टने आधी दिलेला दीड तासाचा तक्ता बाजूला ठेवून नवा करून दिला. मूल स्वतः, काहीतरी मिळवण्यासाठी, पुन्हा पुन्हा जी हालचाल करते तिचाच जास्त उपयोग होतो. कोणीतरी पाय धरून दहा वेळा वरखाली केल्याने मेंदू फारसे काही शिकत नाही. तासांचा हिशेब करताना ही गोष्ट ध्यानात घ्या.

४. साहित्य घरातूनच जमवा

महाग साहित्य लगेच घेऊ नका. आमच्या घरी पहिले वर्ष पुढील वस्तूंवर निघाले :

सोलापुरी चादर : दोन चादरी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधल्या की उत्तम लोड तयार होतो. मूल जागे असताना त्याच्या छातीखाली तो ठेवून पालथे झोपवले, तर ते मान आणि हात उचलायला शिकते. एकच चादर गुंडाळली की लोड लहान बाळाच्या मापाचा होतो.

लाकडी पाट : पाय ताठ असलेल्या मुलाला जमिनीवर पाय पसरून बसवले की त्याची पाठ मागे ओढली जाते. तेच मूल पाटावर, पायाचे तळवे जमिनीला टेकवून आणि गुडघे काटकोनात ठेवून बसवले, तर पाठ सरळ होते. पाटाची उंची मुलाच्या गुडघ्यापर्यंत असावी, त्यासाठी आम्ही खाली फळी ठोकून घेतली.

खोलीचा कोपरा : दोन भिंतींच्या कोपऱ्यात मूल बसवले की दोन्ही बाजूंनी आधार मिळतो आणि हात खेळायला मोकळे राहतात.

लाटणे आणि बांगड्या : उभ्या धरलेल्या लाटण्यात काचेच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या बांगड्या ओवायला दिल्या की दोन्ही हातांचे काम होते.

आरसा : भिंतीला खाली, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला पक्का बसवलेला असावा.

पायातील स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) मात्र थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे मापाचीच करून घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि स्प्लिंटच्या आत घाम साचतो, म्हणून सुती मोजा घालून दुपारी तो बदलावा. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर ती कुठेतरी रुतते आहे असे समजून दुरुस्त करून घ्यावी. मुलाला सवय होईल म्हणून सोडून देऊ नये.

५. थेरपी दिवसाच्या कामांत गुंफा

सुरुवातीला मी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास अशी ‘थेरपीची वेळ’ ठेवली होती. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पाण्याच्या दिवशी घरातील प्रत्येक बाई घागरी आणि टाक्या भरण्यात गुंतलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी तास बुडायचा, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे, तिसऱ्या दिवशी लेक माझ्या हातात चटई पाहूनच रडायला लागायची. थेरपिस्टने मला दिवसभराची कामे क्रमाने लिहायला सांगितली आणि प्रत्येक कामात एक हालचाल बसवून दिली. आमच्या घरात खरा फरक पडला तो या कागदामुळे.

उचलणे : बाळाला काखेत धरून सरळ उचलले की पाय आणखी ताठ होतात. आधी कुशीवर वळवा, गुडघे पोटाकडे दुमडा, मग उचला. कडेवर घेण्याची आपली पद्धत अशा मुलांसाठी फार चांगली, कारण दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना फाकून राहतात. बाजू आलटून पालटून बदला.

कपडे : ताठ हात बाहीत आधी घाला, काढताना शेवटी काढा. लंगोट बदलताना घोट्याला धरून पाय ओढू नका. गुडघे दुमडून, मांड्यांखाली हात घालून पाय सावकाश बाजूला करा.

अंघोळ : तेल लावून हलक्या हाताने चोळण्यास हरकत नाही, मुलाला ते सुखाचे वाटते आणि स्पर्शाची ओळख होते. सांधे जोराने ताणणे, पाय डोक्यापर्यंत नेणे हे प्रकार मात्र बंद करा. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना हे मी समजावून सांगितले तेव्हा त्या रागावल्या, पण थेरपिस्टसमोर एकदा त्यांना नेल्यावर त्यांनीच पुढे सर्वांना शिकवले.

स्वयंपाक : भाकरीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा मुलाला द्या आणि दोन्ही हातांनी थापायला लावा. दिवाणाच्या कडेला उभे करून एका पातेल्यातून दुसऱ्यात बटाटे टाकायला सांगा. शेंगदाणे, वाटाणे किंवा मणी देऊ नका, ते घशात अडकतात.

खेळ : वस्तू नेहमी हाताच्या पोहोचीच्या किंचित पलीकडे ठेवा आणि थांबा. अशा मुलाला ठरवून हालचाल सुरू करायला वेळ लागतो, आणि घरातील माणसांना ते थांबणे सहन होत नाही. मी मनात वीसपर्यंत अंक मोजत असे. बाराव्या-तेराव्या अंकाला तिचा हात हलायला लागे.

बोलणे : पूर्वभागात अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोटकडील घरांत कन्नड बोलली जाते. मूल गोंधळेल म्हणून घरची भाषा सोडू नका. ज्या भाषेत तुम्हाला अंगाई येते त्या भाषेत भरपूर बोला.

उन्हाळ्यात उभे राहण्यासारखे श्रमाचे काम सकाळी नऊच्या आत उरका. मूल आजारी असेल, रात्री झोपले नसेल, तर त्या दिवशी फक्त बसण्या-झोपण्याची योग्य स्थिती सांभाळा. पाण्याच्या दिवसाला आम्ही सरळ सुट्टी ठरवून टाकली आणि त्याबद्दल मनाला लावून घेणे सोडले.

६. जेवणाकडे वेगळे लक्ष द्या

आडवे झोपवून भरवणे सर्वांत धोक्याचे, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल सरळ बसलेले, हनुवटी किंचित खाली आणि भरवणारी व्यक्ती समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला असावी. वरून भरवले की मूल मान मागे टाकते आणि गिळणे कठीण होते. चपटा चमचा जिभेवर मध्यभागी हलकेच दाबा आणि ओठ मिटण्याची वाट पाहा. पातळ वरणापेक्षा दुधात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा घट्ट खिचडी आमच्या लेकीला सोपी गेली. प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल, एका जेवणाला पाऊण तासाहून अधिक वेळ लागत असेल किंवा वारंवार छाती भरत असेल, तर घरी प्रयोग न करता गिळण्याची तपासणी करून घ्या. बद्धकोष्ठतेने ताठपणा वाढतो, तेव्हा शौचाचीही नोंद ठेवा.

७. प्रगती वहीत मोजा

रोज पाहणाऱ्याला प्रगती दिसत नाही. म्हणून शंभर पानी वही घ्या, दर रविवारी चार ओळी लिहा, आणि महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच पाटावर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. आमच्या वहीतील काही नोंदी उतरवून देते.

१४ महिने : हात टेकवून पाच अंक मोजेपर्यंत बसली, मग उजवीकडे कलंडली.
१७ महिने : हात टेकवून वीस अंक. एक हात उचलून बांगडी घेतली.
१९ महिने : तापानंतर पुन्हा दहा अंकांवर आली.
२० महिने : पंधरा अंक. पाय अधिक ताठ वाटतात.
२२ महिने : हात न टेकवता एक मिनिट.

एकोणिसाव्या आणि विसाव्या महिन्यांच्या नोंदी मी मुद्दामच ठेवल्या आहेत. आजारपणात आणि उंची झपाट्याने वाढते त्या काळात मुले मागे गेल्यासारखी वाटतात, आणि नेमक्या त्याच वेळी पालक थेरपिस्ट बदलतात किंवा प्रयत्न सोडतात. वही होती म्हणून आम्हाला मागचे सहा महिने उलटून पाहता आले. विसाव्या महिन्यातील नोंद वाचूनच डॉक्टरांनी ताठपणा पुन्हा तपासला आणि स्प्लिंट बदलली.

दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसणाऱ्या मुलांची पुढे चालण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि हालचालीच्या क्षमतेचा मोठा भाग पाच वर्षांपर्यंत साधला जातो, म्हणून पहिली वर्षे मोलाची आहेत. परंतु शेजारच्या मुलाशी किंवा थेरपीच्या बाकावर भेटलेल्या दुसऱ्या मुलाशी तुलना करून वहीत काहीही लिहू नका. त्याची पातळी वेगळी असेल, तर ती तुलना दोन्ही मुलांवर अन्याय करते.

८. या चुका टाळा

चाकांचा गोल वॉकर, ज्यात बाळाला बसवून सोडतात, तो आणू नका. त्यात मूल पायाच्या चवड्यांवर ढकलत राहते, ताठपणाची सवय पक्की होते आणि अपघातही होतात. आम्ही तो आणला होता आणि तीन महिने वापरला.

रडत असताना जबरदस्तीने ताणणारी थेरपी चालू ठेवू नका. एका ठिकाणी आम्हाला खोलीबाहेर बसवून दार लावून घेत असत, आणि ‘रडल्याशिवाय सुधारणा नाही’ असे सांगत. दीड महिन्यात लेक पांढरा कोट पाहून थरथरू लागली. पालकांना समोर बसू द्या आणि शिकवा, अशी मागणी करणे हा तुमचा हक्क आहे.

स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराने मूल बरे होईल असे सांगून लाखो रुपये मागणारे भेटतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो केवळ नोंदणीकृत संशोधनातच करता येतो, आणि अशा संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आम्हीही दागिने मोडण्यापर्यंत आलो होतो, सिव्हिलमधील एका डॉक्टरांनी थांबवले.

झटक्यांची औषधे कोणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नका. नवीन झटके, अचानक वाढलेला ताठपणा, मांडी फाकवताना रडणे, एक पाय आखूड दिसणे किंवा आलेली हालचाल कायमची जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

९. प्रमाणपत्र आणि सवलतींची कामे लवकर करा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे आणि तिच्यात सेरेब्रल पाल्सी आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरा, रुग्णालय निवडा आणि तपासणीच्या दिवशी मुलाचे व पालकांचे आधार कार्ड, जन्मदाखला, रेशन कार्ड, फोटो आणि वर सांगितलेली फाईल घेऊन जा. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाल्याचा दिला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. लहान मुलांना बहुधा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, ती तारीख फाईलच्या मुखपृष्ठावर लिहा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही धरला जातो. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे असल्याने थेरपीची प्रत्येक मूळ पावती जपा. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, बार्शी-पंढरपूरकडून येणाऱ्या पालकांना तिचा मोठा आधार होतो. विशेष खुर्ची किंवा चालण्याचे साधन लागणार असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या (दिव्यांगांना साधने देणाऱ्या) शिबिराची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला काढायला दिवस लागतात, तो आधीच काढा.

१०. अंगणवाडीच्या आधी एक पान लिहा

तीन वर्षांनंतर मूल इतर मुलांत गेले पाहिजे. अंगणवाडीत दिव्यांग बालकांना सामावून घेण्याबाबत केंद्राने २०२३ मध्ये कार्यपद्धती जाहीर केली आहे, आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क वरील कायद्यानेच दिला आहे. प्रवेशाच्या वेळी केवळ प्रमाणपत्र पुढे केले, तर समोरच्या बाईंना मूल काय करू शकत नाही एवढेच दिसते. त्यासाठी आम्ही एका पानावर लिहून नेले होते : ती पाटावर एकटी बसते, जमिनीवर बसवल्यास भिंतीचा आधार द्यावा. पाणी पिताना पेला दोन्ही हातांनी धरते, अर्धाच भरावा. शौचाला जायचे असेल तर डावा हात वर करते. प्रश्न विचारल्यावर वीसपर्यंत अंक मोजून थांबावे, ती उत्तर देते.